बसून करायचं काम

संगीताच्या ओढीने मी गिटारकडे वळलो, असं मी आजवर तीन सत्कारांत सांगितलं आहे, आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या आहेत. आता या वयात खोटं बोलून मिळवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो. मी गिटार धरली ती कष्ट चुकवायला. चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी होती, आणि वाडीत काम नाही असा दिवस आमच्या पंचांगात नव्हता. उजाडलं की रहाट जुंपायचा, पाटाचं पाणी वळवायचं, झावळ्या ओढायच्या, सुपारी वेचायची, वाळवायची, सोलायची, आणि हे सगळं उरकलं की अण्णा, म्हणजे आमचे वडील, कमरेवर हात ठेवून माडांच्या शेंड्यांकडे बघत म्हणायचे, "आज काही विशेष झालं नाही." मॅट्रिकला मी दोनदा गटांगळी खाल्ली तेव्हा अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक जादा कोयता धार लावून पडवीत टांगून ठेवला. निकाल ऐकून मला काही वाटलं नव्हतं, पण त्या कोयत्यात मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं.

त्याच दिवसांत आईने मला शर्टाचं माप द्यायला कोर्लईला पाठवलं. रेवदंड्यापर्यंत चालत जायचं आणि तरीत बसून खाडी ओलांडायची, की समोर कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पेद्रू मास्तर नावाचे शिंपी राहायचे. उमेदीच्या काळात ते मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे आणि म्हातारपणी गावी येऊन शिवणयंत्र चालवायचे. मी गेलो तेव्हा यंत्र बंद होतं. मास्तर खुर्चीत बसलेले, एक पाय लाकडी ठोकळ्यावर, मांडीवर गिटार, डोळे मिटलेले. बोटं तेवढी हलत होती, बाकी सगळा माणूस आरामात. त्यांची बायको बाहेर आली, तिने शेजारी चहाचा पेला ठेवला आणि आवाज न करता परत गेली. नवरा भरदुपारी नुसता बसलेला दिसतो आहे, आणि बायको ओरडत नाही, उलट चहा देते! असं दृश्य मी चौलात पाहिलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत माझ्या आयुष्याचा निर्णय झालेला होता.

"मास्तर," मी विचारलं, "हे काम बसूनच करायचं असतं का हो?"

"मग काय माडावर चढून करतात?" मास्तर म्हणाले.

मी त्यांच्या पायाच पडलो. त्यांना वाटलं पोरगा सुरांनी भारावला. त्यांनी माझी बोटं ओढून बघितली, लांब आहेत म्हणाले, आणि पोटमाळ्यावरची आपली जुनी गिटार मला वापरायला दिली. दर शनिवारी शहाळी घेऊन यायचं आणि शिकून जायचं, असं ठरलं. शर्टाचं माप द्यायचं राहूनच गेलं. आईला सांगितलं, की मास्तर म्हणाले अजून वाढीचं वय आहे, थोडं थांबू.

तर अशी ती गिटार आमच्या पडवीत आली. मास्तरांसारखं बसायचं तर पायाखाली ठोकळा हवा, म्हणून मी भात मोजायची पायली उपडी घातली आणि तिच्यावर पाय ठेवला. आईने ते पाहिलं आणि किंचाळलीच. उपडी पायली म्हणजे घरातलं धान्य ओसरणार, वर तिच्यावर पाय! मग पायलीच्या जागी विटा आल्या. मास्तरांनी सांगितलेलं असायचं, हे बोट इथे, ते तिथे, आणि हे रोज पाचशे वेळा कर. ताल धरायला त्यांच्याकडे टकटक करणारं यंत्र होतं, माझ्याकडे रहाट होता. रहाट आमच्या पडवीपासून दहा पावलांवर. त्याची करकर, पोहऱ्यांतून पन्हळीत पडणारं पाणी, पुन्हा करकर. या ठेक्यावर मी सकाळ-संध्याकाळ घोटून घेतलं. तीन महिन्यांनी मास्तर ऐकता ऐकता एकदम थांबले. म्हणाले, "सगळं बरोबर आहे बाबा, पण दर सोळा मात्रांनंतर तू असा श्वास धरून थांबतोस का? कोण मेलं तिथे?"

मी म्हटलं, "तिथे रेडा थांबतो."

आमच्या रहाटाचा रेडा दर फेरीला फणसाखाली आला की क्षणभर उभा राहायचा, कारण आई स्वयंपाकघरातून तिथे केळ्यांची सालं टाकायची. सालं असोत नसोत, तो बघून मगच पुढे जायचा. मीही त्याच्याबरोबर बघून मगच पुढे जात होतो. ती सवय मोडायला मास्तरांना पूर्ण पावसाळा लागला, कारण पावसाळ्यात रहाट बंद असतो.

घरच्यांनी या प्रकाराला सुरुवातीला काय मानलं, ते सांगणं अवघड आहे. आई वालाची बिरडी सोलता सोलता ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हे मघाचंच परत वाजवतोस ना? आवडलंय वाटतं तुला." पाचशे वेळा एकच गोष्ट करणं तिला नवीन नव्हतं, ती सुपारी सोलत आली होती. अण्णांचं तसं नव्हतं. त्यांच्या लेखी काम म्हणजे जे उभं राहून, वाकून किंवा चढून होतं ते. बसून होतं त्याला ते जेवण म्हणायचे. सकाळी रहाटाची पाळी करून मी पडवीत बसलो की ते जाता-येता नुसते बघायचे, आणि मला ते बघणं कोयत्यापेक्षा जास्त लागायचं. शेवटी माघात एक दिवस पेद्रू मास्तर स्वतः खाडी ओलांडून आमच्याकडे आले. वैशाखात कोर्लईला एक मोठं लग्न होतं. त्याला मुंबईहून सिल्वेस्टर साहेबांचा बँड येणार होता, मास्तर ज्यांच्याबरोबर वाजवायचे तोच. साहेबांना गिटारवर दुसरा माणूस हवा होता, आणि लग्नाआधी ते मला ऐकायला तयार होते.

अण्णांनी मास्तरांना शहाळं दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं. त्यांनी घेतलं तर जा मुंबईला. माझी ना नाही. नाही घेतलं तर त्याच पावली गिटार मास्तरांकडे ठेवायची, नि दुसऱ्या दिवसापासून वाडीत पूर्ण वेळ. पुन्हा नाव काढायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं म्हणणार काय? वर त्यांनी माझी सकाळची पाळीही काढून घेतली, म्हणजे मला सबब उरू नये.

तिथून मी जे सुरू केलं त्याला रियाज म्हणायला माझी जीभ धजत नाही. सकाळी न्याहारीची भाकरी खाऊन बसलो की उठायचो थेट जेवायला, आणि जेवून बसलो की दिवेलागणीला. सात-सात तास. मास्तर शनिवारी ओरडायचे, "अरे दाबू नको, टेकव! बोट टेकलं तरी सूर येतो. तू तार दाबतोस का गळा?" पण मी सुपारीच्या झाडावर चढणारा माणूस. हाताने धरलेलं सुटलं तर खाली पडतो, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे गिटारची मान मी जीव मुठीत धरल्यासारखी धरायचो. डावा खांदा वर जाता जाता कानाला लागला, पाठीला बाक आला. आमच्या हल्लीच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाई, माझ्या नातीच्या वयाच्या आहेत, मला छापील कागद देतात. दर पंचवीस मिनिटांनी उठा, खांदे फिरवा, मनगट झटका, पाणी प्या. मी त्यांना विचारलं, हा कागद तुम्ही साठ वर्षांपूर्वी चौलला का नाही हो पाठवलात? त्या हसल्या. त्यांना वाटलं आजोबा विनोद करताहेत.

फाल्गुनात माझा डावा हात गेला. म्हणजे होता जागेवरच, पण पाण्याचा तांब्या उचलेना. कोपरापासून करंगळीपर्यंत ठणका, मान एका बाजूला वळेना. जेवताना मी कण्हलो तेव्हा अण्णा म्हणाले, "बसून हात दुखतो होय? मग जेवून तोंड दुखत असेल तुझं."

आता इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझी मोठी बहीण, ताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला नुकताच मुलगा झाला होता. तिला आणि बाळाला न्हाऊ घालायला थेरोंड्याहून भागीमावशी यायची. ही कोळीण, उंच, दणकट, तोंडाने फाटकी, आणि पंचक्रोशीतल्या अर्ध्या लोकांना तिने पहिली आंघोळ घातलेली, त्यात मीही. त्यामुळे ती कोणाचीही भीड ठेवत नसे. आईने तिला सहज म्हटलं, याचाही हात जरा बघ ग. भागीमावशीने माझा सदरा वर केला, अंगठा खांद्यात रुतवला, आणि माझ्या ओरडण्याने रहाटावरचा रेडासुद्धा फणस येण्याआधीच थांबला.

"आगो बाय, काय झाला ह्या पोराला!" ती म्हणाली. "आंग ताठलाय सगला. शिरा आखडल्यान. ह्याला बी सव्वा म्हयना पायजे."

"कसला सव्वा महिना?" मी विचारलं.

"ताईला हाय तोच. एकीचा करतंय, त्यात दोघांचा व्हईल. पानी तापलेलाच हाय."

आईला हे ताबडतोब पटलं. त्यात तिची चूक नव्हती. आमच्या घरात माणसाने अंग टाकून पडून राहण्याचा एकच रीतसर प्रकार होता, तो म्हणजे बाळंतपण. तापाने फणफणलेला माणूससुद्धा उठून सुपारी वाळत घालायचा. विश्रांती द्यायची म्हणजे काय द्यायचं, हे आईला एकाच पद्धतीने ठाऊक होतं, आणि ती पद्धत तिने तंतोतंत पाळली. गिटार माळ्यावर गेली. ताईच्या अंधाऱ्या खोलीत, तिच्या बाजल्याला काटकोनात, माझं बाजलं आलं. सकाळी तेल, मग पिठाचे हात, मग भागीमावशी मला मोरीत बसवून कढत पाणी असं ओतायची, की अंगावरचं कातडं सुटून मोरीतून वाडीत जाईल असं वाटायचं. मग बाजल्याखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशोपा, धुरीने डोळे चुरचुरताहेत, कान फडक्याने बांधलेले. गार पाणी बंद. वारा बंद. पुढ्यात डिंकाचा लाडू, अहळिवाची खीर, मऊ भात आणि लसणीची फोडणी दिलेलं तूप. जेवल्यावर शोपा चावायच्या. मी सतरा-अठराचा मिशा फुटलेला गडी, पण शपथेवर सांगतो, मला विलक्षण सुख वाटत होतं. आयुष्यात कष्ट चुकवण्याचे मी जेवढे उपाय शोधले, त्यांतला हा सर्वांत यशस्वी, आणि तो मी शोधलेलाही नव्हता.

तक्रार होती ती ताईची. "माझ्या वाटणीचे लाडू खातोस मेल्या," ती म्हणायची. "मी मुलगा तरी दिला. तू काय दिलंस?"

बारशाला ताईच्या सासरची माणसं आली. तेव्हा मी बाहेर निघून जायला हवं होतं. पण भागीमावशीची बाराव्या दिवसाची धुरी नुकतीच झालेली, वाऱ्यावर जायला मनाई, शिवाय मला डोळा लागलेला. ताई बाळाला घेऊन माजघरात तयार होत होती. तिच्या सासूबाई उजेडातून थेट खोलीत आल्या. अंधारात त्यांना एक बाजलं रिकामं दिसलं आणि दुसऱ्यावर पांघरुणात, कान बांधून, भिंतीकडे तोंड करून कोणी निजलेलं. त्या हलकेच बाजल्यावर टेकल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नीज हो बाय, नीज. फार सोसलंस. पहिलटकरणीचं असंच असतं. पण नाव राखलंस आमच्या घराचं."

कोणी मायेने पाठीवरून हात फिरवल्यावर न बघता गप्प राहावं, एवढी अक्कल मला नव्हती. मी वळलो आणि झोपेतच म्हणालो, "अजून दुखतं."

त्या बाईंना मिशा दिसल्या. त्यांनी फोडलेली किंकाळी ऐकून पुरुषमंडळी धावली, बाळ रडायला लागलं, आणि त्या गोंधळात नाव काय ठेवलं ते अर्ध्या लोकांना कळलंच नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या घरी गेलो की मला आधी विचारायचे, "काय बाळंतीणबाई, बरं आहे ना?" मी बरं आहे म्हणायचो. अण्णा मात्र त्या दिवशी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसले, आणि ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळपासून सुख संपलं. वैशाख तोंडावर आला होता, आणि मी लाडू खात पडलो होतो. आईकडे गिटार मागितली तर ती म्हणाली, सव्वा महिन्यात बाळंतीण कामाला हात लावत नाही. तेव्हा मी ताईला गाठलं. ती बाळाला पाजायला घ्यायची तेव्हा मी डोळे मिटून उताणा पडायचो आणि साहेबांना ऐकवायच्या तिन्ही चिजा पहिल्यापासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाजवायचो. कुठलं बोट कुठे, कुठे थांबायचं, कुठे नाही. बोटं हवेत हलकेच हलायची, कारण तिथे दाबायला तारच नव्हती. ताई बाळाच्या पाठीवर थोपटून ठेका धरायची. मी अडखळलो, की तिला माझ्या भुवयांवरून कळायचं. "रेडा थांबला," ती म्हणायची, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. बाळ झोपून जायचं, ताईही पेंगायची, आणि मी एकटाच पुढे वाजवत राहायचो. ताई आता नाही. तिच्या त्या थोपटण्याइतका सरळ ताल मला पुढे कुठल्याही ढोलवाल्याने दिला नाही.

सव्वा महिना पुरा झाला आणि गिटार माळ्यावरून उतरली. ऐकवायला आठ दिवस उरले होते. हात उचलून बघितला, ठणका नाही. मान दोन्ही बाजूंना वळली. खांदा खाली आला होता. मी विटांवर पाय ठेवला, तारेवर बोट टेकलं आणि ओरडलो. गिटार शिकणाऱ्याची खरी कमाई म्हणजे डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे. वर्षभर रक्त काढून मी ते कमावले होते. भागीमावशीच्या तेलाने, पिठाने आणि कढत पाण्याने ते सगळे नाहीसे केले होते. माझी बोटं भाच्याच्या बोटांसारखी झाली होती, गुलाबी आणि मऊ. भागीमावशीला दाखवली तर ती खूश झाली. "बघ कशी निघाली! आदी काय ती ढोराची खुरा व्हती."

आठ दिवसांत घट्टे येत नाहीत, फोड येतात. मास्तरांनी सांगितलं, रोज अर्धा तास, त्याहून एक क्षण जास्त नाही. बोटं वाचव, बाकी देवावर सोड. सात तास वाजवणारा मी अर्ध्या तासावर आलो, आणि उरलेला सगळा दिवस पडवीत बसून बोटांवर फुंकर घालत होतो. अण्णा समोरून जात-येत होते. आदल्या दिवशी ते आईला म्हणाले, "उद्या मीही जातो. काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे."

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तरीत बसून पलीकडे गेलो. अण्णांनी टोपी घातली होती, काखेत छत्री होती. गिटार त्यांनीच उचलली, कदाचित परत ठेवायचीच आहे म्हणून. मांडवात बँडची माणसं सदरे काढून पाव आणि माशाचं कालवण खात होती. सिल्वेस्टर साहेब अवाढव्य माणूस, टोपीने स्वतःला वारा घालत होते. अण्णा एका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "दाबू नको."

दाबणार कसला? दाबलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी डोळे मिटले आणि अंधाऱ्या खोलीत वाजवत होतो तसं सुरू केलं. बोट नुसतं टेकवायचं, सूर निघाला की लगेच उचलायचं. पहिली चीज संपली. दुसरीच्या मध्यावर पहिल्या बोटाचा फोड फुटला, तार ओली लागायला लागली. तिसरी नाचाची, लांबलचक, एकसारख्या ठेक्याची. ती चालू असताना मला वाटलं, आता थांबावं, हात जोडावेत आणि जाऊन रहाट हाकावा, काय वाईट आहे रहाटात? मग वाटलं, ताई बाळाला थोपटते आहे. मी ठेका सोडला नाही. शेवटचा सूर वाजवला तेव्हा तिसऱ्या बोटातून आलेलं रक्त गिटारच्या मानेवर पसरलेलं होतं.

साहेब उठून जवळ आले. त्यांनी माझा खांदा चाचपला, मनगट हलवून बघितलं. "हे कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. "एवढा हलका हात? खांदा जागेवर, मान सुटी. पेद्रू, तू तर स्वतः असा कधी वाजवला नाहीस."

मास्तर गडबडले. तेवढ्यात अण्णा खुर्चीवरून उठले. अण्णांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "साहेब, त्याचं बाळंतपण केलंय आम्ही. सव्वा महिना. लाडवांसकट."

मास्तरांनी ते बँडवाल्यांच्या बोलीत सगळ्यांना समजावून सांगितलं. पाव खाणारी माणसं खायची थांबली. साहेब हसता हसता खाली बसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. मग म्हणाले, "माझे दोन गिटारवाले खांदे धरून घरी बसलेत. चांगले होते, पण दाबून दाबून मोडले. हा टिकेल. पाऊस संपला की पाठवा. बोटं तेवढी घट्ट करून." आणि माझ्याकडे वळून, "एक लक्षात ठेव. आमच्यात उभं राहून वाजवतात. चार-पाच तास, सलग."

"खुर्ची नसते?" मी विचारलं.

"खुर्ची पाहुण्यांना," साहेब म्हणाले.

परतीच्या तरीत अण्णा आणि मी समोरासमोर बसलो होतो. गिटार त्यांच्या मांडीवर होती, भरतीचं पाणी उडेल म्हणून त्यांनी तिच्यावर छत्री धरली होती. खाडीच्या मध्यावर त्यांनी हात पुढे केला. मला कळेना काय हवं ते. मग त्यांनीच माझा डावा हात ओढून घेतला आणि बोटं एकेक करून बघितली. बराच वेळ बघितली. खिशातला रुमाल काढून खाडीच्या पाण्यात बुडवला, ते पाणी खारट, झोंबेल हे ध्यानात आलं, तेव्हा पिळून टाकला आणि कोरडं टोक शोधून ते बोटांना गुंडाळलं. नावाडी विचारत होता काय लागलं म्हणून, अण्णा गाठ मारत होते.

घरी पोचलो तर दारात आई, ताई आणि घरी जायची वेळ टळून गेली तरी थांबलेली भागीमावशी. "काय झालं? घेतलं का?" आईने विचारलं. अण्णांनी पायांवर पाणी घेतलं, टोपी खुंटीला लावली. आमच्याकडे पानं मांडायचा एक क्रम होता. वाडीतून जो राबून आला त्याचं पान आधी, बाकीच्यांची मागून. मी नेहमी बाकीच्यांत असायचो, आणि त्यात अन्याय काही नव्हता. आईने रोजच्यासारखं अण्णांचं पान मांडलं. अण्णा पाटाजवळ आले आणि बसले नाहीत.

"त्याला आधी वाढ," ते म्हणाले. "कामावरून आलाय."

मी त्या पाटावर बसलो. गरम भात होता, वालाची उसळ होती, भाजलेला सुका बोंबील होता. रुमाल बांधलेला हात डावा, जेवायला लागतो उजवा, तरी पहिला घास मी कितीतरी वेळ नुसता कालवत बसलो. अण्णा खांबाला टेकून, माझं जेवण होईपर्यंत, उभे राहिले.